कळसूची अट

आमच्या घराला दोन दारं होती. पुढच्या दारातून रस्ता, भाताची खाचरं आणि येणारेजाणारे दिसत. मागच्या दारातून दिसायचा भांडी घासायचा दगड आणि त्याच्या वर, आभाळ अडवून बसलेला कळसूबाईचा डोंगर. आजी भांडी घासायला बसे ती डोंगराकडे तोंड करूनच. हातात नारळाच्या शेंडीचा चोथा, पुढ्यात चुलीतली राख. पितळेचं ताट ती आधी आतून घासे, मग पालथं करून, मग काठ. काठ घासताना तिचा अंगठा सबंध ताटाभोवती एकदा फिरून यायचा, मध्ये थांबायचा नाही. विसळून झालं की ती ताट उन्हात धरून बघायची आणि मग ओट्याला टेकवून ठेवायची. त्यात डोंगराचा माथा दिसायचा, काठापाशी जरासा वाकलेला.

कळसूची गोष्ट मी पहिल्यांदा त्या दगडापाशीच ऐकली.

"आपल्यातलीच पोर ती," आजी म्हणायची. "कोळ्याची. रानात भटकायची लई हौस. फिरत फिरत इंदोऱ्याला आली आन् एका घरी कामाला राह्यली. पर राहायच्या आधी अट घातली. पडंल ते काम करीन, भांडी घासायची न्हाई आन् केर काढायचा न्हाई. घरच्यांनी हो म्हटलं. लई दिवस चाललं बरं. मग एक दिवस घरातलं कुणी तरी म्हणालं, भांडी पडलीत, घास. तिनं घासली. समदी घासली, पालथी घातली, हात धुतले आन् निघाली. डोंगर चढून गेली ती माघारी आलीच न्हाई."

तिनं भांडी जिथं घासली ती जागा थाळेमेळ. ती जिथं जाऊन राहिली तो कळसूबाईचा डोंगर. गोष्ट एवढीच. शाप नाही, राक्षस नाही, साक्षात्कार नाही. दिलेला शब्द मोडला गेला आणि एक मुलगी चालू लागली. समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंचीच्या, साऱ्या महाराष्ट्रात सगळ्यांत उंच असलेल्या शिखराला त्या मुलीचं नाव आहे. कुणाच्या घरी राबायला राहिलेल्या मुलीचं.

मला लहानपणी एकच प्रश्न पडायचा आणि तो मी आजीला पुन्हा पुन्हा विचारायची. भांडी घासायची नाहीत अशी अट होती ना? मग तिनं घासली कशाला? तशीच का नाही निघून गेली?

"खरकटं टाकून कुणी उठतं व्हय?" आजी म्हणायची आणि माझ्याकडे वाट्या सरकवायची. त्या वयात मला ते उत्तर पुरलं.

आजी डोंगराच्या पलीकडची. तिचं माहेर उत्तरेला, इंदोऱ्याच्या अंगाला, इगतपुरी तालुक्यात. लग्न होऊन आली ती दक्षिणेला, बारीजवळच्या आमच्या वाडीत, अकोले तालुक्यात. दोन्ही घरांच्या मध्ये हा एकच डोंगर, पण माहेरी जायचं तर त्याला वळसा घालून, घोटीवरून. मधे डोंगर असला की जिल्हाही बदलतो. त्या अंगाला नाशिक, या अंगाला नगर. तिला दोन्हीकडून डोंगर पाठ होता. माहेरचा डोंगर सरळसोट कड्यांचा आणि दुपारनंतर सावलीचा, सासरचा जरा पायऱ्यापायऱ्यांचा आणि उन्हाचा, असं ती सांगायची.

सह्याद्रीची मुख्य ओळ उत्तर-दक्षिण जाते आणि तिच्यातून पूर्वेकडे फाटे फुटतात. त्यांतला हा एक. पश्चिमेला कुलंग, मदन, अलंग हे तीन बेलाग किल्ले, मग कळसूबाई, तिच्या पूर्वेला बितनगड, औंढा आणि पट्टा. ही रांग म्हणजे पाण्याची वाटणी. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस दारणेला जातो, दक्षिणेचा प्रवरेला. आजोबा हे बोटानं आखून दाखवायचे. "हे आपलं पाणी, ते तुझ्या आजीच्या माहेरचं." पण दोन्ही पाणी शेवटी गोदावरीचंच. दारणा निफाड तालुक्यात गोदावरीला मिळते, प्रवरा पार खाली नेवासे तालुक्यात, टोक्याला. आजी आणि आजोबा एकदा टोक्याच्या संगमावर गेले होते. तिथं आजोबांनी तिला सांगितलं की ही गोदावरी आली तिच्यात दारणा आहे, आणि ही आपली प्रवरा. आजीनं पदर खोचला, पाण्यात उतरली आणि दोन्हीकडून एकेक ओंजळ घेऊन प्यायली. परत आल्यावर तिनं शेजारणीला सांगितलं, "चवीला सारखंच हाये."

वाडीत थोरली आजी होती, आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. ती जन्मानं या बाजूची. तिची कळसू वेगळी. कळसू म्हणजे बारीची सून. तिला झाडपाल्याची जाण. कुणाला ताप आला, कुणाला विंचू चावला, कुणाची गाय अडली की कळसू रानात जाऊन पाला आणायची. साऱ्या गावाची सेवा करता करता गेली, म्हणून लोकांनी डोंगरावर तिचं देऊळ बांधलं. या गोष्टीत भांडी नाहीत, अटही नाही.

हिरडा गोळा करायच्या दिवसांत दोघी एकाच झाडाखाली बसायच्या आणि तिथं हा वाद निघायचा. थोरली आजी म्हणायची, सून होती. आमची म्हणायची, कामाला होती. थोरलीला कळसू कुणाच्या घरची भांडी घासणारी असणं खपत नसे आणि आजीला ती गुणी सून असणं. "समद्याच बाया सुना असत्यात," आजी एकदा ताडकन म्हणाली होती. "त्यांचे काय डोंगर झाले?"

मला आता वाटतं, दोघी आपापल्या बाजूनं खऱ्या होत्या. ज्या बाजूला ती राबली त्या बाजूनं तिचं निघून जाणं लक्षात ठेवलं आणि ज्या बाजूनं तिला आपली म्हटलं त्यांनी तिचं राहणं. एका शिखराच्या दोन उतारांवरचं पाणी दोन नद्यांना जातं, तशा या दोन गोष्टी.

शाळेत गेल्यावर तिसरा अर्थ भेटला. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, कळस म्हणजे देवळाचा सर्वांत उंच भाग, सह्याद्रीचा कळस म्हणून कळसूबाई. ऐकायला सुंदर. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं सांगितलं. आजी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "डोंगर उंच हाये हे मोजून कुणी नाव ठेवत न्हाई. मानूस आधी, डोंगर मागनं."

शिखर पाहिल्यावर कळस आठवतो हे खरंच. तरी माझं मत आजीकडे झुकतं, ते नावातल्या ‘बाई’मुळे. आमच्या महादेव कोळ्यांची दैवतं पाहा: दर्याबाई, वरसूबाई, कळसूबाई. ही नावं शेजारणीला हाक मारावी तशी आहेत. डांगाणात, म्हणजे आमच्या या डोंगराळ मुलखात, डोंगर म्हणजे घरातली माणसंच. कळसूबाई, रतनबाई आणि कात्राबाई या तीन बहिणी, असं सांगतात. रतनबाई रतनगडावर गुहेत बसली, कात्राबाई तिथून हरिश्चंद्रगडाकडे जाणाऱ्या वाटेवर, आणि थोरली सगळ्यांत उंच जागी. आजही रतनगडाहून हरिश्चंद्रगडाला निघालेला माणूस कात्राबाईच्या खिंडीतून जातो. त्याला ठाऊक असो नसो, तो एका बहिणीच्या दारावरून दुसऱ्या मुलखात उतरत असतो.

आणि बारी? इथं खिंडीला, डोंगरातल्या अडचणीच्या वाटेला बारीच म्हणतात. आमच्याकडची नावं अशी आहेत. वाट असेल तिथं वाटेचं नाव, माणूस असेल तिथं माणसाचं.

खूप पुढं, कॉलेजात असताना, वाचनालयात इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर चाळत होते. त्यात कळसूबाईची उंची होती, दिशा होत्या, वरून काय काय दिसतं ते होतं. आणि खाली, चारपाच ओळींत, माझ्या आजीची गोष्ट. रानात हिंडायची आवड असलेली कोळ्याची मुलगी, इंदोरे, कोळ्याचंच घर, भांडी आणि केर यांची अट, आणि थाळेमेळ. सगळं जसंच्या तसं. पुस्तक शंभर वर्षांचं होऊन गेलेलं. आजीला अक्षर येत नव्हतं. कुणा साहेबानं किंवा त्याच्या कारकुनानं पायथ्याला कुणाला तरी विचारलं असणार, आणि सांगणारी बहुधा आजीच्या आजीच्या वयाची कुणी बाई असणार. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. सुट्टीत घरी आल्यावर आजीला सांगितलं, तुझी गोष्ट इंग्रजांच्या पुस्तकात आहे. तिनं विचारलं, "भांडी घासली हे लिवलंय का?" मी हो म्हटलं. "मग बरोबर लिवलंय," ती म्हणाली.

त्या लोकांनी आमच्या मुलखात बरंच काही लिहिलं, बरंच मोडलंही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर या रांगेतले किल्ले पुन्हा कुणाला लढायला मिळू नयेत म्हणून त्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. अलंग आणि मदनच्या तुटक्या पायऱ्यांपाशी अजूनही दोर लावावा लागतो. कळसूबाईवर किल्लाच नव्हता. माथा इतका निमुळता की देवळाभोवती थोडी माणसं उभी राहिली की जागा भरते. तिथं तट बांधणार कसा आणि शिबंदी ठेवणार कुठं? म्हणून ती लढायांतून सुटली.

डोंगर सुटला, माणसं सुटली नाहीत. देवगावचे राघोजी भांगरे इथलेच. त्यांनी इंग्रज सरकार आणि सावकार या दोघांविरुद्ध बंड केलं, वर्षानुवर्षं या डोंगरांनी त्यांना लपवलं. १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपूरला पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. आजोबा ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायचे, जणू अजून कुणी ऐकत असेल. "डोंगरात व्हता तंवर कुणाच्या बापाला सापडला न्हाई," एवढं मात्र मोठ्यानं म्हणायचे.

मग धरण आलं. भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. आजोबांचे वडील त्या कामावर दगड वाहायला होते. डोंगराच्या पायाशी प्रवरा अडवली आणि एवढं मोठं पाणी साठलं की पौर्णिमेला वरून पाहिलं तर दुसरं आभाळ दिसावं. ते पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला गेलं. धरणाला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव मिळालं, जलाशयाला नकाशात आर्थर लेक म्हणू लागले. पणजोबांनी सतरा ठिकाणी खरचटलेल्या खांद्यांनी ते बांधलं, पण ही दोन्ही नावं आमच्या घरात कधी कुणी उच्चारली नाहीत. आम्ही ‘धरण’ म्हणायचो.

नावं बदलतात, ती बदलणाऱ्यांना कारणंही असतात. पट्ट्याचंच घ्या. १६७९ मध्ये जालन्याची मोहीम करून परतताना शिवाजी महाराज तिथं विसावले आणि पट्ट्याचा विश्रामगड झाला. राज्याचं नाव १९६० मध्ये महाराष्ट्र झालं. आमचा जिल्हा अहमदनगर होता, आता अहिल्यानगर आहे. एवढ्या सगळ्यात डोंगराच्या नावाला कुणी हात लावला नाही. गव्हर्नर, सेनापती, राजे यांच्या नावांच्या मधोमध, सगळ्यांच्या वर, एक कामकरी मुलगी बसून राहिली. मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

आजीला पावसाचा अंदाज डोंगर द्यायचा. जूनमध्ये माथ्यावर ढगाची टोपी बसली आणि ती खांद्यापर्यंत उतरली की आजी म्हणायची, "बाईनं इरलं घेतलं." मग आमचीही इरली निघायची आणि आवणीची गडबड सुरू व्हायची. ढग नुसता कमरेला गुंडाळलेला असला तर घाई नाही. पाऊस उघडल्यावर, भादव्याच्या शेवटाला, खुरासणी फुलायची आणि सबंध पायथा पिवळा व्हायचा. त्या पिवळ्यातून नवरात्राची वाट वर जाते.

मी पहिल्यांदा वर गेले ती आजीबरोबरच, नवरात्रात, दहाअकरा वर्षांची असताना. वाटेवर कड्यांना लोखंडी शिड्या लागतात. आजी म्हणायची, तिच्या आधीच्या बाया साखळी धरून आणि दगडात खोदलेल्या खोबण्यांत बोटं रोवून चढायच्या, पाठीला पोर बांधून. शिडीच्या शेजारी त्या जुन्या खोबण्या दिसतात. मी शिडी सोडून त्यांतल्या एकीत पाय घालून पाहिला. पाय बरोबर बसला, टाच आणि चवडा, दोन्हींना जागा. कडा मधोमध गुळगुळीत झाला होता.

वर चढताना एक गोष्ट पायांना कळते. खडा कडा, मग सपाटी. पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला, आणि त्यावर पुन्हा नवा थर. असे थरावर थर बसून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. थरांतला टणक भाग कडा होऊन उभा राहिला, मऊ भाग झिजून सपाटी झाला. म्हणजे जिथं शिडी लागते तिथं आपण एक पुरातन लाव्हाचा थर चढत असतो आणि जिथं दम खातो ती दोन थरांमधली फट असते. हे मला फार उशिरा समजलं. आजीला ते वेगळ्या शब्दांत ठाऊक होतं. "बाईनं चढायला लावलं की बसायला पण देती," ती म्हणायची. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. तिथं आम्ही पाणी प्यायलो आणि तोंड धुतलं.

माथ्यावरचं देऊळ लहानसं, आत शेंदूर लावलेली बाई. आजीनं ओटी भरली, हिरव्या बांगड्या ठेवल्या. बाहेर वारा एवढा की पदर धरून उभं राहावं लागत होतं. एका बाजूला धरणाचं पाणी, रतनगडाचं नेढं, दूर हरिश्चंद्रगड. आजीनं तिकडे एकदा पाहून घेतलं आणि मला हाताला धरून उत्तरेकडे नेलं. खाली, धुक्यातून, शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे दिसत होते. "ते इंदोरं," ती म्हणाली. मग तिनं बोट जरा अलीकडे, उताराकडे आणलं. "आन् त्या अंगाला थाळेमेळ." मला गवत आणि काळा दगड यांपलीकडे काही दिसलं नाही. ती मात्र बराच वेळ पाहत होती. माहेराकडे पाहत होती की थाळेमेळाकडे, ते मी विचारलं नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी आजी फार थकली होती. मी मागच्या दारी तिच्या जागेवर बसून भांडी घासत होते आणि ती भिंतीला टेकून बसली होती. मी सहज म्हणून जुना प्रश्न पुन्हा विचारला. अट होती, तर घासली कशाला?

या वेळी ती खरकट्याचं काही बोलली नाही. बराच वेळ गप्प राहिली.

"अट त्यांनी मोडली," ती म्हणाली. "तिनं काम न्हाई मोडलं. म्हनून जाताना तिच्यावर कुनाचं काही राह्यलं न्हाई. न्हाई तर लोक म्हणाले असते, काम टाळून पळाली." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू बी असंच कर. आधी समदं पालथं घाल. मग जायचं तर जा."

आमच्या घरी एक रीत होती. गावात इतर कुणाकडे मी ती पाहिली नाही, आजीनंच पाडलेली असणार. नवरात्रात माळ बसल्यापासून दसऱ्यापर्यंत आजी भांड्यांना हात लावायची नाही, आणि सुनांनाही लावू द्यायची नाही. ते नऊ दिवस भांडी आजोबा घासायचे. लहानपणी मला ते नवलाचं वाटत नव्हतं. वाटायचं, सगळ्यांचेच आजोबा घासत असतील. ते घासायचे तेही वाईट. राख फार घ्यायचे, पाणी फार सांडायचे, काठ तसाच राहायचा. आजी ओट्यावर बसून पाहायची आणि काही बोलायची नाही.

आजी श्रावणात गेली. नवरात्रात मी गावी गेले तेव्हा घरात सुना होत्या, नळ आला होता, भांड्यांची पावडर आली होती. पहिल्या माळेच्या दुपारी जेवणं झाली आणि आजोबा उठून मागच्या दारी गेले. काकू त्यांच्या मागं गेली, म्हणाली, दादा, राहू द्या, मी करते. त्यांनी मान हलवली. दगडावर बसले, डोंगराकडे तोंड करून. आजीचंच पितळेचं ताट होतं, एकच. त्यांनी आतून घासलं, पालथं करून घासलं. मग अंगठा काठावर ठेवला आणि हळूहळू, मध्ये न थांबता, सबंध ताटाभोवती फिरवून आणला.